मातीच्या वासाची प्लेट

नाकबाईंना जिची किळस येत नाही अशी वस्तू जगात अजून जन्माला यायची होती. दाराच्या कडीला हात लावण्याआधी त्या कडीकडे अशा बघत की कडीलाच ओशाळं व्हावं. कुणाकडे गेल्या तर पाण्याचा पेला आधी उजेडात धरून गोल फिरवून बघत आणि मग "तहान नाही हो" म्हणून खाली ठेवत. नवरा बस चालवायचा. संध्याकाळी तो घरी आला की त्याला दारातच उभा करून कोपरापर्यंत हात धुवायला लावत, आणि तो बिचारा धुवायचाही. "आमची ही दिवसभर जंतूंना जेवू घालते," तो मित्रांना सांगायचा, "आणि घरी आली की मला उकळून घेते."

अशा बाईने पोटापाण्यासाठी काय निवडावं? सरकारी इस्पितळाच्या तळमजल्यावर, शवागाराच्या दोन दारं अलीकडे, जंतूंची प्रयोगशाळा होती. तिथे त्या सव्वीस वर्षं तंत्रज्ञ होत्या. लोकांची थुंकी, पू, लघवी, रक्त, जे जे म्हणून माणूस स्वतःपासून लांब ठेवतो ते सगळं डब्यांत भरून त्यांच्या टेबलावर यायचं. कुणी विचारलंच, तर त्या म्हणत, "बाहेरची घाण झाकलेली असते. इथल्या डबीवर निदान लेबल तरी असतं."

नाकबाई हे नाव वॉर्डातल्या नर्सांनी ठेवलेलं. अर्थात, बाई सदा नाक मुरडून असायच्या म्हणून. पण त्यात थोडा आदरही होता. त्यांचं नाक खरोखरच कामाचं होतं. रुग्णाचं रक्त बाटलीत घालून, मग त्यातला थेंब जंतूंचं खाद्य थापलेल्या झाकणाच्या प्लेटवर पसरून ती उबेत ठेवली की जंतू असतील तर त्यांचे ठिपके उगवतात. ते ठिपके कुणाचे हे ओळखायला चाचण्या असतात, वेळ लागतो. नाकबाईंना ज्यांनी शिकवलं ते मास्तर (तिथले आधीचे तंत्रज्ञ, आता हयात नाहीत) चाचण्यांच्या भानगडीत पडत नसत. झाकण उचलायचे, प्लेट नाकाजवळ न्यायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. द्राक्षासारखा गोडूस वास आला तर हा जंतू, सडक्या मासळीचा आला तर तो. आणि ओल्या मातीचा आला, तर जंतूबिंतू काही नाही, कुणीतरी घाणेरड्या हातांनी रक्त काढलंय, माती पडलीय आत, फेका. पोरसवदा नाकबाईंनी ही विद्या मास्तरांपेक्षाही पक्की उचलली. दहा प्लेटा समोर ठेवा, दहाही न बघता सांगत. नवीन येणाऱ्यांना त्या हे करून दाखवत, आणि ते तोंडात बोट घालत.

मातीच्या वासाच्या प्लेटेसाठी एक शिक्का होता. लाकडी मूठ, सव्वीस वर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालेली. 'नमुना दूषित. पुन्हा पाठवा.' शिक्का मारायचा, खाली सहीचं अक्षर काढून त्याला एक शेपूट ओढायची, आणि मोकळं व्हायचं. पुन्हा कुणी पाठवत नसे. तोवर रोगी घरी गेलेला असे, नाहीतर दुसरीकडे हलवलेला, नाहीतर आणखी कुठे. पाठवा म्हणून सांगितलं होतं ना, पाठवलं नाही तर आम्ही काय करणार, असं नाकबाई म्हणत. ते त्यांना पटतही असे.

साहेबांना तर तो शिक्का फारच प्रिय. साहेब म्हणजे विभागप्रमुख. त्यांच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता होता, 'अठ्ठेचाळीस तासांत अहवाल', आणि त्याच्या बाजूला त्याबद्दल मिळालेलं प्रमाणपत्र चौकटीत घालून टांगलेलं. इन्क्युबेटर, म्हणजे प्लेटा उबेत ठेवायचं कपाट, एकच, त्याला कप्पे तीन. दोन दिवसांपेक्षा जुन्या प्लेटेला साहेब 'शिळी' म्हणत आणि शिळं काही ठेवायचं नाही असा त्यांचा दंडक. चार दिवस वाढणारा एखादा जंतू असेल तर त्याने साहेबांची वेळ पाळून लवकर वाढावं, अशीच त्यांची अपेक्षा असणार. असल्या माणसाचं काय करावं हे मला आजवर कळलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी वरून एक पुस्तिका आली होती. मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहणाऱ्या एका जंतूबद्दल. मातीपाण्यात काम करणारा माणूस, त्यात साखरेचा आजार, हटत नाही असा ताप, छातीत क्षयासारखा डाग आणि क्षयाच्या औषधांना दाद नाही, असा रोगी असेल तर त्याची प्लेट दोन दिवसांत फेकू नका. ठिपके चौथ्या दिवशी सुरकुततात. त्याआधीच ओळखायचं तर तीन औषधांत भिजवलेल्या तीन कागदी चकत्या प्लेटवर ठेवल्या तरी पुरतं. आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: प्लेटचा वास घेऊ नका, त्यातून हा आजार तुम्हाला होऊ शकतो.

नाकबाईंनी ती उभ्याउभ्या वाचली आणि शेवटच्या ओळीशी त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "वीसपंचवीस वर्षं वास घेतेय. मला काय धाड भरली?" पुस्तिका त्यांनी टेबलावर टाकली. साहेबांनी ती उचलून फ्रिजच्या आखूड पायाखाली सारली. फ्रिज सरळ उभा राहिला आणि तो विषय तिथेच संपला.

आता दाजींचं सांगतो. दाजी म्हणजे नाकबाईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वडील गेले तेव्हा नाकबाई चौदा वर्षांच्या होत्या. दाजींनी त्यांना घरी आणलं, "धाकटे" म्हणून हाक मारली, आणि कॉलेजची तीन वर्षं रोज सकाळी सायकलच्या दांडीवर बसवून फाटकापर्यंत सोडलं. दाजी विहिरींतले पंप काढायचे, दुरुस्त करायचे, परत बसवायचे. त्यांच्या हातापायांच्या भेगांतला चिखल साबणाने निघत नसे. जगात नाकबाईंना किळस न येणारा एकच माणूस होता आणि तो असा कायम चिखलात. त्यांच्या पेल्यातलं उरलेलं पाणी त्या बिनदिक्कत पीत.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर दाजींना ताप धरला. साखर होतीच. छातीच्या फोटोत डाग निघाला, क्षयाची औषधं सुरू झाली, आणि तीन आठवड्यांत पहाडासारखा माणूस चादरीखाली शोधावा लागेल इतका झाला. दोन महिन्यांपूर्वी त्यांचा जोडीदार, त्यांच्याबरोबर त्याच विहिरींत उतरणारा, असाच गेला होता. त्यालाही क्षयच सांगितलेला. ताईने हे शंभरदा बोलून दाखवलं आणि शंभरदा कुणी लक्ष दिलं नाही, नाकबाईंनीसुद्धा.

पाच वाजता भेटीची वेळ झाली की नाकबाई तळमजल्यावरून तीन जिने चढून दाजींच्या खाटेशी जात. वॉर्डात त्यांचा जीव घुसमटे. खाटांखालच्या भांड्यांवर झाकणं नव्हती. भिंतीला लोकांनी डोकी टेकवून टेकवून तेलाची रांग उमटवलेली. एकच फडकं आधी लादीवरून आणि मग खाटेच्या कठड्यावरून फिरताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. माणसं बरी होण्यासाठी ही जागा बांधली असेल यावर त्यांचा विश्वास बसत नसे. त्या रुमालाने दाजींचा कठडा पुसत, ताईला घरी धाडत, आणि दाजींच्या कपाळावर हात ठेवून बसत. दाजी डोळे न उघडता म्हणत, "हात धुतलास का, धाकटे?" ही त्यांची जुनी थट्टा.

तो मंगळवार होता. इन्क्युबेटरमध्ये एक्केचाळीस प्लेटा. नमुन्यांवर नावं नसतात, आकडे असतात. बावीसशे सतरा क्रमांकाच्या प्लेटवर बारीक, कोरडे, फिकट ठिपके. नाकबाईंनी झाकण उचललं, प्लेट नाकाजवळ नेली. ओली माती. "हात धुवायला काय होतं या लोकांना," त्या पुटपुटल्या. शिक्का मारला, अक्षर काढलं, शेपूट ओढली. प्लेट आणि बाटली कचऱ्याच्या लाल बादलीत. सगळं मिळून दीड मिनिट. मग त्यांनी हात धुतले आणि चहा घेतला.

संध्याकाळी वर गेल्या तर दाजींच्या खाटेपाशी नवी डॉक्टर उभी होती. सहाच महिन्यांपूर्वी आलेली पोर, बोलायला तिखट.

"बाई, बरं झालं आलात. हा कागद तुमच्या लॅबचा. शनिवारी मी स्वतः रक्त काढलं यांचं. क्षय वाटत नाही मला हा. हात धुतले, हातमोजे घातले, दोनदा स्पिरिट लावलं. तरी दूषित? कसं काय?"

कागदावर बावीसशे सतरा होतं. खाली शिक्का, आणि शिक्क्याखाली शेपटीचं अक्षर.

दाजींच्या कपाळाकडे नेलेला हात नाकबाईंनी मागे घेतला. मातीत काम करणारा माणूस. साखर. हटत नाही तो ताप. फ्रिजखाली पडलेली ती पुस्तिका त्यांना शब्दन्‌शब्द आठवली.

"किती वेळ आहे यांच्याकडे?" त्यांनी हळू विचारलं.

डॉक्टरने ताईकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "रक्तदाब उतरायला लागलाय. नवीन रक्त पाठवून तीन दिवस थांबायचं, एवढा नाही."

नाकबाई तीन जिने उतरल्या. कुलूप काढलं. लाल बादली बुधवारी सकाळी वाफेच्या यंत्रात जायची, म्हणजे अजून भरलेली होती. त्यांनी तोंडाला मास्क बांधला, हातमोजे चढवले आणि पिशवीची गाठ सोडली. दोन दिवसांची थुंकी, पू, नासलेल्या प्लेटा, सगळ्यांची एकत्र वाफ वर आली. दाराच्या कडीला न शिवणारी ती बाई कोपरापर्यंत त्यात शिरली. एकेक डबी बाजूला करत, फुटलेल्या प्लेटा चुकवत त्या खाली खाली गेल्या. त्यांना दोनदा उमासे आले. ते त्या घाणीचे नव्हते. आयुष्यभर लोकांची किळस केली, पण अशी किळस त्यांना कुणाचीच आली नव्हती जशी त्या घटकेला स्वतःची आली. दीड मिनिटात त्यांनी दाजींना बादलीत टाकलं होतं आणि वर चहा घेतला होता.

प्लेट सापडली. झाकण शाबूत, आकडा त्यांच्याच अक्षरात. बाटलीही सापडली, बंद. त्यांनी फ्रिज खांद्याने रेटून पुस्तिका ओढून काढली. आतल्या बाटल्या किणकिणल्या. या खेपेला त्यांनी ती बसून वाचली. मग एक ठिपका काचपट्टीवर पसरून, रंगवून ती सूक्ष्मदर्शकाखाली घातली. गुलाबी काड्या, दोन्ही टोकं गडद, मधे फिकट, मिटलेल्या सेफ्टी पिनेसारख्या. नव्या प्लेटवर ते ठिपके पसरून त्यांनी तीन औषधांच्या तीन चकत्या ठेवल्या, कडेने चिकटपट्टी गुंडाळली आणि उबेत सारली. नाक त्यांनी जवळ नेलं नाही.

सकाळी सातला त्या कुलपाशी हजर. दोन चकत्यांच्या अगदी कडेपर्यंत जंतू बिनधास्त वाढला होता. तिसरीभोवती स्वच्छ गोल रिकामा. पुस्तिकेत चित्र होतं, तसंच्या तसं. ज्याला दोन औषधं लागू पडत नाहीत आणि तिसरं पडतं, तो मातीत दडून बसणारा, मातीचा वास येणारा जंतू. माती म्हणून त्यांनी सव्वीस वर्षं फेकला तो हाच.

निदानाचा रिपोर्ट साहेबांच्या सहीशिवाय वर जात नसे. साहेब साडेनऊला आले.

"हे काय आहे?"

"बावीसशे सतरा."

"तो रिपोर्ट काल गेला."

"चुकीचा गेला."

साहेबांनी प्लेटेकडे न बघता चष्मा पुसला. "बादलीतून उपसलेल्या प्लेटवर मी सही करू? उद्या तपासणीवाले आले तर काय सांगू, आमच्याकडे कचऱ्यातून निदान होतं?"

"बाटली बंद होती. तिच्यातूनही परत लावलंय, उद्या तेही दिसेल. पण उद्यापर्यंत माणूस राहणार नाही."

"तुमचे मेहुणे आहेत म्हणून ना एवढं?"

खोटं बोलायची सोय होती.

"हो," त्या म्हणाल्या. "ते नसते तर मी बादलीत हात घातला नसता."

साहेबांना हे उत्तर अपेक्षित नव्हतं. त्यांनी कागद पुढे सरकवला. "मग लिहून द्या की, पहिला रिपोर्ट माझ्या हलगर्जीपणामुळे चुकीचा गेला. विभागाचा त्यात संबंध नाही. सही करा आणि घ्या तुमचा रिपोर्ट."

नाकबाईंनी लिहून दिलं. प्रमाणपत्राच्या चौकटीखाली बसून, एक शब्दही न खोडता. साहेबांच्या टेबलाची काच चिकट होती, कुणाच्या तरी चहाच्या कपाचं कडं उमटलेलं. त्यांनी मनगट उचलून धरत लिहिलं. मग नवा रिपोर्ट घेऊन त्या तीन जिने जवळजवळ धावत चढल्या.

नव्या डॉक्टरने वाचलं आणि तिथल्या तिथे औषध बदललं. नसेतून, दर सहा तासांनी. ती नाकबाईंवर खेकसलीही. "तुम्ही वास घेतलात ना प्लेटचा? या गोळ्या घ्या. तीन आठवडे. रोज सकाळ-संध्याकाळ ताप बघून मला कळवायचा." नाकबाईंनी निमूट गोळ्या घेतल्या. नवरा थर्मामीटर घेऊन दारात उभा राही, आणि आता हात धुवायला तो त्यांना सांगे.

दाजींचा ताप सहजी हटला नाही. आठ दिवस तो तसाच चढत-उतरत राहिला. ताईने बोलणं टाकलं होतं. नवव्या दिवशी दाजींनी डोळे उघडून वॉर्डातल्या चहाला एक कचकचीत शिवी हासडली, आणि ताई तोंडाला पदर लावून रडली. बाराव्या दिवशी मोठ्या प्रयोगशाळेतून शिक्कामोर्तब झालं, मेलिऑइडोसिस. ताईला ते नाव शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. ती "तो चिखलाचा ताप" म्हणे.

तळमजल्यावर बऱ्याच गोष्टी बदलल्या. प्लेटा सात दिवस ठेवायच्या. संशय आला की पहिल्याच दिवशी तीन चकत्या. वॉर्डात त्याच दिवशी फोन. प्लेट नाकाजवळ नेताना कुणी दिसलं तर नाकबाई अशा ओरडत की शवागारातल्यांनी उठून बसावं. साहेबांनी जुना तक्ता काढून नवा लावला, 'लवकर निदान: आमच्या विभागाचा उपक्रम', आणि वरच्या बैठकीत त्यावर वीस मिनिटं भाषण केलं. नाकबाईंचं लिहून दिलेलं पत्र मात्र त्यांच्या कपाटात होतं, गरज पडली तर असावं म्हणून. भाषणाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी नाकबाईंना पेढे दिले. नाकबाईंनी ते पुडक्यासकट लाल बादलीत टाकले.

विसाव्या दिवशी दाजी खाटेवर पाय सोडून बसले होते. ताई येणाऱ्याजाणाऱ्याला तीच गोष्ट सांगत होती: माझ्या धाकटीने बादलीत हात घालून यांना काढलं. सांगताना प्रत्येक वेळी बादली मोठी होत होती. नाकबाईंना ती स्तुती अंगावर सांडलेल्या दुधासारखी चिकट वाटत होती. पण ताईला थांबवणं कुणाच्या बापाला जमलं नव्हतं.

तेवढ्यात दाजींच्या जोडीदाराची बायको आली. नव्या डॉक्टरने तिला तिच्या नवऱ्याचे जुने कागद आणायला सांगितलं होतं, त्यालाही हाच ताप होता का, ते डॉक्टरला बघायचं होतं. ती बाई खाटेच्या कडेला टेकली, दाजींकडे बघून हसली, "बरे दिसताय भाऊ," म्हणाली. आणि प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढून नाकबाईंच्या हातात दिले. "डॉक्टरीणबाई नाहीत वाटतं. तुम्ही बघता का, बाई? तुम्हाला कळतं."

नाकबाईंनी कागद उलटले. क्षयाची औषधं. छातीचा फोटो. रक्ताचा रिपोर्ट, त्यावर शिक्का, खाली शेपटीचं अक्षर. त्यांनी ते अपेक्षिलं होतं. गेले वीस दिवस त्या कुठेतरी याचीच वाट बघत होत्या. त्यांनी पुढचा कागद उलटला. पाच दिवसांनंतरची तारीख. पुन्हा रक्ताचा रिपोर्ट, पुन्हा तोच शिक्का, तेच अक्षर. शेपूट थोडी जास्त लांब, घाईत ओढलेली.

"लिहिलं होतं ना पुन्हा पाठवा," ती बाई सांगत होती. "मी पाठवलं. नर्सबाई नको म्हणत होत्या, मी हट्ट करून पाठवलं. दुसऱ्यांदाही तेच आलं. मग मी म्हटलं, जाऊ दे, किती वेळा सुया टोचायच्या त्यांना." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "रोज वाटतं, तिसऱ्यांदा पाठवायला हवं होतं का हो? माझंच चुकलं का?"

दाजींनी नाकबाईंकडे पाहिलं, आणि मग खिडकीकडे.

"तुमचं काही चुकलं नाही," नाकबाई म्हणाल्या. "तुम्ही सांगितलं तसं केलंत. ही खाली आहे ना, ही सही माझी आहे. दोन्ही माझ्याच."

त्या बाईने कागद परत घेतले आणि ते अक्षर जवळ धरून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिने ते घडी करून पिशवीत ठेवले, उठली, आणि दाजींना "येते भाऊ" म्हणाली. नाकबाईंनी तिचा हात धरायला हात पुढे केला.

बाईने त्या हाताकडे पाहिलं, नाकबाई दाराच्या कडीकडे बघायच्या तसं, आणि आपला हात मागे घेतला.